मदत हवी आहे: मेस्सीचा संघ आमच्या वेळापत्रकात का दिसत नाही?

ओजसची_आई (५ ऑगस्ट २०२५)
नमस्कार. जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल. लेकाला दहाव्या वाढदिवसाला मेस्सीचा सामना मैदानात नेऊन दाखवायचं कबूल केलंय. आमच्या संघाचे घरचे सतराही सामने ॲपमध्ये एकेक करून पाहिले, त्याचा संघ इंटर मायामी कुठेच नाही. गुणतक्त्यातही नाही! लेक म्हणतो ते याच लीगमध्ये आहेत. ॲप दोनदा काढून परत टाकलं. काय चुकतंय?

रानवाटा
राहता कुठे? आणि 'आमचा संघ' म्हणजे कोणता? वाढदिवस कधी?

वासू_जर्सी
ॲप ठीक आहे. तक्त्याच्या वर पूर्व आणि पश्चिम असे दोन पर्याय असतील, दुसरा दाबून बघा. एमएलएसमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या या फुटबॉल लीगमध्ये, यंदा ३० संघ आहेत, १५ पूर्व कॉन्फरन्सला (म्हणजे गटाला), १५ पश्चिमेला. प्रत्येकाचे सामने ३४. आपल्या बाजूच्या १४ संघांशी घरी एक, त्यांच्याकडे एक, हे झाले २८. उरलेले ६ पलीकडच्या बाजूच्या सहा संघांशी, एकेकदाच. मायामी पूर्वेत आहे. तुम्ही पश्चिमेत असाल तर यंदा गाठ पडेलच असं नाही, आणि पडली तरी तुमच्याच गावात पडेल असं नाही.

सुमेधा_बे
ताई, सरळ प्रवास करा, वाट बघत बसू नका. आम्ही १४ मेला सॅन होजेला गेलो होतो. ३-३! माझ्या मुलीचा आवाज दोन दिवस बसला होता. मैदान लहान आहे, त्यामुळे खेळाडू अगदी जवळून दिसतात. आम्ही दोन तास आधी पोचलो म्हणून गाडी लावायला जागा मिळाली.

रानवाटा
सुमेधा, तो सामना मेमध्ये होऊन गेला. त्यांना आता हवाय.

ओजसची_आई
सिएटल. लिहायचं राहिलं. वाढदिवस ३० ऑगस्टला.

वासू_जर्सी
मग उत्तर सोपं आहे, पण तुम्हाला आवडणार नाही. मायामी यंदा पश्चिमेत तीनच ठिकाणी आली: मार्चमध्ये ह्यूस्टन, मेमध्ये मिनेसोटा आणि सॅन होजे. डॅलस, लॉस एंजेलिसचा गॅलेक्सी आणि सिएटल यांच्याशी सामने मायामीच्या घरी. तुमचा संघ सप्टेंबरमध्ये फ्लोरिडाला जाणार आहे. परतीचा सामना नसतो.

टाचेची_किक
ही पद्धतच मला मान्य नाही. लीग म्हणजे सगळे सगळ्यांशी दोनदा खेळले पाहिजेत, इंग्लंडमध्ये खेळतात तसे. इथे कुणाच्या वाट्याला पलीकडचे कोणते सहा येतात यावर गुण ठरतात. आणि भूगोल म्हणावा तर नॅशव्हिल २०२२मध्ये पश्चिमेत होतं, २०२३मध्ये पूर्वेत!

वासू_जर्सी
३० संघ सगळ्यांशी दोनदा खेळले तर ५८ सामने होतील, ते कधी खेळवायचे? सिएटल ते मायामी हवाई अंतरच चार हजार किलोमीटरहून जास्त, घड्याळात तीन तासांचा फरक. मुंबई-कोलकाता याच्या निम्मंही नाही. नॅशव्हिल मध्यावर आहे, पश्चिमेत सेंट लुईसचा नवा संघ आला म्हणून ते पूर्वेला गेलं. शिवाय दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ संघ बाद फेरीत जातात, चषक तिथे ठरतो.

टाचेची_किक
म्हणजे ३४ सामन्यांत पहिला आलेला संघ एका वाईट संध्याकाळी घरी. हे मला कधीच पटणार नाही. २०२४मध्ये ७४ गुणांचा विक्रम मायामीने केला आणि पहिल्याच फेरीत अटलांटाने त्यांना बाहेर काढलं.

मांडवीकाठ
अवांतर होतंय, पण आपल्याकडेही १९९६-९७च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये आधी दोन गटच होते. पुढे सगळे एका तक्त्यात आले आणि आमच्या गोव्याच्या डेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एका तक्त्यातला पहिला, त्यावर वाद नाही. ते दिवस आठवले की आजही छाती भरून येते.

कॅनडाकर
मूळ प्रश्नाकडे येतो. एप्रिलमध्ये मायामी व्हँकुव्हरला आली होती, मेस्सीही खेळला. पण तो लीगचा सामना नव्हता, कॉनकाकॅफ चॅम्पियन्स कप या क्लबांच्या वेगळ्या खंडीय स्पर्धेची उपान्त्य फेरी होती. लीगचं वेळापत्रक एकटं पाहू नका. सध्या लीग्ज कप चालू आहे, त्यात एमएलएसचे १८ आणि मेक्सिकोचे १८ संघ आहेत, मायामी आणि सिएटल दोन्ही आहेत. मात्र २ तारखेला मेस्सी स्नायू दुखावून मैदानाबाहेर गेला, आणि मे २०२४मध्ये तो व्हँकुव्हरच्या सामन्याला आलाच नव्हता, ५० हजारांवर लोक जमले होते तरी. लेकाला 'मेस्सी दिसेल' असं सांगू नका, 'मायामी दिसेल' असं सांगा.

निळी_छत्री
टीव्हीवर बघायचं असेल तर ॲपलचं वर्गणीचं पॅकेज घ्या. कुटुंबात वाटून घेता येतं.

ओजसची_आई
टीव्हीवर तो बघतोच. मैदानात न्यायचंय.

ओजसची_आई (२८ ऑगस्ट)
लीग्ज कपच्या उपान्त्य फेरीत काल रात्री मायामीने ऑर्लँडोला ३-१ हरवलं, सिएटलने गॅलेक्सीला २-०. अंतिम सामना रविवारी, ३१ तारखेला, आमच्या लुमेन फील्डवर!! वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. मेस्सीने काल दोन गोल केले, म्हणजे पाय बरा असावा. कॅनडाकर, तुम्ही सांगितलंत म्हणून या स्पर्धेवर लक्ष ठेवलं. वरच्या मजल्यावरची दोन तिकिटं मिळाली, नवरा घरी थांबणार आहे. तिथून मुलाला नीट दिसेल का?

रानवाटा
वरून उलट चांगलं दिसतं, कोण कुठे पळतोय ते कळतं. दुर्बीण मैदानात नेऊ देतात का ते मात्र आधी बघून घ्या.

सुमेधा_बे
दोन तास आधी पोचा!

ओजसची_आई (१ सप्टेंबर)
पोचलो दोन तास आधी. ६९ हजारांवर लोक होते. मेस्सी पूर्ण वेळ खेळला, सिएटल ३-० जिंकलं. ओजस मायामीचा गुलाबी शर्ट घालून गेला होता, तिसऱ्या गोलला उठून सिएटलसाठी ओरडत होता. सामना संपल्यावर मैदानात मोठी बाचाबाची झाली तेव्हा मात्र घाबरला, माझा हात घट्ट धरून बसला. सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच विचारते. पुढच्या वर्षी पलीकडचे कोणते सहा संघ वाट्याला येणार हे साधारण कधी जाहीर होतं? आत्तापासून मागे लागलाय.