लेकाच्या सर्दीसाठी सैंधव मिठाचा दिवा घ्यावा का?

धायरीची_आई
आमच्या शेजारीच मोठं बांधकाम चालू आहे, घरात दिवसभर धूळ. लेक सहा वर्षांचा, सकाळी उठला की शिंकांचा सपाटा सुरू. जाऊबाई म्हणतात हिमालयन सॉल्ट लॅम्प घे, हवा शुद्ध होते, झोपही छान लागते. कुणी वापरलाय का? पुण्यात चांगला कुठे मिळेल?

कोथरूडकर
आमच्या हॉलमध्ये आहे. तांबूस उजेड फार छान पडतो, संध्याकाळी आम्ही तेवढाच लावून बसतो. सर्दीला मात्र काडीचा उपयोग नाही.

रसायनवाली
ताई, सर्दीसाठी घेणार असाल तर मुळीच घेऊ नका. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विकणारे सांगतात की मीठ तापलं की त्यातून ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, निघतात आणि हवेतली धूळ खाली बसते. मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आतला १५-२५ वॅटचा बल्ब तो खडा जेमतेम कोमट करतो, तेवढ्यावर सोडियम आणि क्लोरिन एकमेकांना सोडत नाहीत. हवेत आयन सोडणारी यंत्रं वेगळी, त्यांना हजारो व्होल्ट लागतात.

मीठ ओल ओढतं, हे मात्र खरं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की खड्याला पाणी सुटतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तेच होतं. दिवा लावला की ते पाणी वाफ होऊन परत खोलीतच येतं. धूळ जिथल्या तिथे. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो, त्यात औषधी काही नाही.

एक विचारू? रात्री मुलाच्या खोलीत काही जाळता का? कॉइल, धूप, उदबत्ती?

धायरीची_आई
हो, कॉइल रोज लावतो. डास फार आहेत हो इकडे.

रसायनवाली
मग आधी ती बंद करा. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी! दिव्याचे पैसे मच्छरदाणीत घाला. काम चालू असेल तोवर त्या बाजूच्या खिडक्या लावून ठेवा, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या, उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. हे करूनही शिंका राहिल्या तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ॲलर्जी असू शकते. हवा शुद्ध करणारं यंत्रच घ्यायचं तर हेपा फिल्टरचं, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या जाळीचं, घ्या. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्यात अडकतात. फक्त खोलीच्या मापाचं बघा.

वायरमन_काका
कोथरूडकर, पावसाळ्यात तुमचा दिवा बंद असेल तेव्हा प्लग काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. खारं पाणी होल्डरमध्ये उतरलं की आत गंज धरतो आणि शॉर्टसर्किट होतं. अमेरिकेत २०१७ साली डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, तापून आग लागण्याच्या भीतीने हजारो दिवे परत मागवले होते. घरात मांजर असेल तर दिवा तिच्या आवाक्याबाहेर ठेवा. चाटत राहिली तर मीठ अंगावर येतं, जिवावर बेतू शकतं.

धायरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. कॉइल आजपासून बंद. डबलबेडची मच्छरदाणी कुठे बघू?

कोथरूडकर
बोहरी आळीत एक चक्कर मारा. पलंगाचं माप घेऊन जा, उंचीसकट.