पानगळीची भिंत करायचीय, कटिंग मशीनवर कागद फाटतोय, सल्ला द्या

गंगापूररोडची
नमस्कार मंडळी. बहीण अमेरिकेतून येताना तिचं क्रिकट मशीन घेऊन आली, म्हणजे संगणकावरच्या फाइलप्रमाणे कागद कापणारं, एक्सप्लोर मालिकेतलं, तिच्याकडे वर्षभर नुसतं कपाटात पडून होतं म्हणून माझ्या गळ्यात मारलं. घटस्थापनेच्या आत हॉलची एक भिंत सजवायचं डोक्यात आहे, साधारण ६ फूट बाय ४ फूट. एक वाकडी फांदी आणि तिच्यावरनं लाल, पिवळी, तपकिरी पानं गळतायत असं काहीतरी. तिने दिलेल्या फाइलमधली मेपलची पानं कापून बघितली तर देठच तुटतो, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या येतात आणि कागद चिकटवायच्या मॅटवरून काढताना पान गुंडाळीसारखं वळतं ते वळतंच. कार्डशीट मेन रोडवरून आणली, दुकानदाराला जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) विचारलं तर म्हणे ताई जाड आहे एकदम, बिनधास्त न्या. चार शीट वाया गेल्यात आणि आता घरचे हसायला लागलेत. कागद कुठला घेऊ, आणि माझं नक्की चुकतंय कुठे?

सातपूरचा_रेडियमवाला
ताई, "जाड आहे एकदम" हा काही जीएसएम नाही. नंबरप्लेट आणि गाडीवरच्या रेडियमचं कटिंग करतो मी, मशीन वेगळं पण पातं ते पातंच. तुमच्या कामाला १७० ते २२० जीएसएमचं कार्ड पाहिजे. घोटीव कागद घेतला तर भिंतीवर दोन दिवसांत मान टाकेल आणि ३०० च्या वर गेलात तर बारीक कोपऱ्यात पातं अडकून कड फाटते. सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल निवडताना १७६ च्या आसपास असेल तर लाइट कार्डस्टॉक, २१६ च्या आसपास असेल तर मीडियम. आणि सगळं शीट लावायच्या आधी कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन कापून बघा, तो आपोआप सुटला तरच पुढे जा.
कुरतडलेली कड म्हणजे बहुतेक पात्यात कागदाचा भुगा अडकलाय. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, चुरगाळून घट्ट गोळा करा, पात्याच्या वरची खिट्टी दाबून टोक बाहेर काढा आणि गोळ्यात वीसपंचवीस वेळा टोचा. धार नाही येत त्याने, पण घाण निघते. तरी फरक नाही पडला तर पातं बदला.

पंचवटीतली_मावशी
अगं आणि वळतं म्हणतेस ना, तू मॅटवरून कागद ओढून काढतेस, उलटं कर. मॅट पालथी घाल टेबलावर, कागद खाली टेबलाला चिकटून राहू दे आणि मॅटच हळूहळू वाकवत मागे सोलत ने. कागद सपाट राहतो. मला हे कळेपर्यंत नातीच्या बारशाची अख्खी चांदणी वाया गेली होती.
मॅट नवी असेल तर पांढरा सुती रुमाल दोनचारदा दाबून काढ तिच्यावर, चिकटपणा थोडा मरतो. आणि पावसाळी हवेत कागद उघडा ठेवू नकोस, सप्टेंबरात आपल्याकडे कार्ड ओल धरतं नि मग कापायच्या ऐवजी फाटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेव.

नाशिककर_पुन्हा_आलो
खरं सांगू का, एवढा खटाटोप कशाला? लग्नपत्रिका करणारे लेझर कटिंग करून देतात, फाइल द्या, संध्याकाळी पानं घ्या. शिवाय लेझरने कड थोडी जळून तपकिरी होते, पानगळीला तर फुकटचा इफेक्ट.

सातपूरचा_रेडियमवाला
@नाशिककर_पुन्हा_आलो, इफेक्ट भारी, पण पिवळ्या कार्डावर धुराचे डाग पडतात आणि जळका वास आठवडाभर हॉलमध्ये राहतो. आणि त्यांच्या घरात मशीन आयतं आलंय की राव.

पिंपळगावची_द्राक्षबाग
मी जरा वेगळंच बोलते, रागावू नका. आपल्याकडे मेपल कुठाय? आपली पानगळ तर शिशिरात, माघ फाल्गुनात, आणि तुम्ही भिंत करताय शरदात, दसऱ्याला. मग आपलीच पानं का नको? द्राक्षाचं पान बघा कधी नीट, पाच पाळ्यांचं, कडेला दाते, लांबून बघणाऱ्याला मेपलच वाटेल. ऑक्टोबर छाटणीच्या आधी वेलीवरची जुनी पानं पिवळट आणि कडेने करपलेली असतात, रंग तिथूनच उचला. फवारणीचं पान असतं म्हणून आणलं की आधी धुवा, एक रात्र वर्तमानपत्रात ठेवून वर जाड पुस्तक ठेवा, सकाळी पांढऱ्या कागदावर ठेवून बरोबर वरून मोबाइलने फोटो काढा. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ट्रेस बिटमॅप केलं की बाह्यरेषा मिळते, ती एसव्हीजी (मशीनला कळणारी रेषांची फाइल) म्हणून सेव्ह करा.
पण देठ तसाच ठेवू नका, खऱ्या पानाचा देठ दोराएवढा असतो, मशीनला झेपत नाही, रेषा ओढून निदान ३ मिमी रुंद करा. तुमच्या मेपलचा देठही त्यामुळेच तुटत असणार. दातेही निम्मे करा. मी पहिल्यांदा सगळे ठेवले तर एक पान कापायलाच मशीन इतका वेळ कुरकुरत होतं की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायला आल्या, काय बिघडलं म्हणून.
आणि आपट्याचं पान घ्याच. जोडपान असतं, मधोमध घडीची रेघ मारून किंचित दुमडलं की फुलपाखरासारखं उठून दिसतं. रेघ सुरीने मारू नका, क्रिकटला स्कोअरिंगचा वेगळा पेन मिळतो तो लावा.

गंगापूररोडची
@पिंपळगावची_द्राक्षबाग, ताई, कमाल आहे हो, द्राक्षाचं पान मला सुचलंच नाही, मामाची बाग दिंडोरीला असून! आमच्या गल्लीत जंगली बदामाचं झाड आहे, त्याची पानं थंडीत तांबडीलाल होऊन पडतात, तो आकार तर एकदम सोपा, दातेच नाहीत. पण ६ फुटी फांदी कापायची कशी, मॅट तर १२ इंचाची?

सातपूरचा_रेडियमवाला
तुकडे करा. प्रत्येक तुकडा ११ इंचाच्या आत ठेवा म्हणजे कडेला जागा राहते. मोठं शीट २२ बाय २८ इंचाचं मिळतं, त्याचे चार भाग होतात, मग मॅटच्या मापाला ट्रिम करा. जोड एकावर एक अर्धा इंच चढवा आणि त्यावर एक मोठं पान ठोका, कुणाला कळणार पण नाही.

पंचवटीतली_मावशी
भिंतीला थेट डबल टेप लावू नकोस, काढताना डिस्टेंपरची पपडी निघते. आधी पेपर टेप, त्याच्यावर डबल टेप. पुढे आलेली पानं हवी असतील तर फोम टेपचे छोटे चौकोन. आणि पानाला फेव्हिकॉल नको गं, कागद फुगतो, ग्लू स्टिक वापर.

इंदिरानगर_क्राफ्ट
"शुभ दसरा" वगैरे मराठी अक्षरं कापायची असतील तर एक सांगतो, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप करू नका. काना, मात्रा, शिरोरेघ सगळे वेगवेगळे तुकडे धरले जातात आणि एकमेकांवर चढतात तिथे मशीन मधूनच कापतं, शब्दाचा चिवडा होतो. इंकस्केपमध्ये टाइप करा, पाथमध्ये (म्हणजे बाह्यरेषेत) बदला, मग युनियन करा, म्हणजे अख्खा शब्द एक तुकडा होतो. शिरोरेघच बहुतेक अक्षरं धरून ठेवते, आपल्या लिपीचा हा फायदा आहे; फक्त शुभ मधल्या भ वर ती तुटते, तिथे जोडून घ्या. शुभ मधला उकार मात्र बारीक राहतो, तो जाड करून घ्या.

गंगापूररोडची
मंडळी, झालं एकदाचं. कार्ड आणलं २२० चं, यावेळी पाकिटावर लिहिलेलं वाचून घेतलं. फॉइलचा गोळा खरंच चालला, पात्यातून मागच्या शीटचा लाल भुगा निघाला. ३९ द्राक्षाची, २२ आपट्याची, बाकी बदामाची. मॅट पालथी घालून सोलली, एकही पान वळलं नाही. आपट्याच्या पानांना सोनेरी कार्ड एका लग्नपत्रिकावाल्याकडच्या उरलेल्या पट्ट्यांतून मिळालं, त्याने पैसेच घेतले नाहीत. शब्द मात्र "शुभ" पर्यंतच झालाय, दसराचा "स" माझ्या हातून युनियन करायचा राहिला आणि दोन तुकड्यांत निघाला, आज रात्री परत कापते. मामाने फोटो बघून विचारलंय की पानावर डाऊनी (द्राक्षाच्या पानावर पिवळे डाग पाडणारा रोग) पडलाय का, कारण मी पिवळ्या ठिपक्यांचं डिझाइन केलं होतं.