'घटकराज्य' : नुसतं 'राज्य' म्हटलं तर काय बिघडतं?

प्रश्नकर्ती, डिचोली
३० मे आला की आमच्याकडे गोव्यात सगळीकडे 'घटकराज्य दिन'. शेजारी १ मे हा साधा 'महाराष्ट्र दिन', तिथे 'घटक' कुणी लावत नाही. वर्गात मुलांनी विचारलं, हा घटक कुठून आला? घटनेत तर नुसतं 'राज्य' आहे.

फोंडा
'राज्य' हा मराठीत फार ऐसपैस शब्द. शिवाजी महाराजांचं राज्य, काँग्रेसचं राज्य, 'इथे कुणाचं राज्य चाललंय?' गोव्यात १९६३ पासून विधानसभा होती, मुख्यमंत्री होते (पहिले भाऊसाहेब बांदोडकर), त्यामुळे या ढोबळ अर्थाने 'राज्य' होतंच. घटनेतला दर्जा तेवढा नव्हता. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला होता. विधानसभा कायदे करायची, पण राज्यसूचीतल्या विषयावरही संसदेला हात घालता यायचा. नायब राज्यपाल आणि मंत्रिमंडळ यांचं जुळलं नाही, तर प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे खरं तर दिल्लीतल्या सरकारकडे. ३० मे १९८७ ला नायब राज्यपालांच्या जागी राज्यपाल आले आणि रोजच्या कारभारातले मतभेद दिल्लीला धाडायची ती वाट बंद झाली. विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायची मुभा राज्यपालांना आहेच म्हणा. एवढा फरक एका शब्दात सांगायचा तर 'घटक' लावावाच लागतो.

मडगाव
फरक मान्य, शब्द नाही पटत. घटक म्हटलं की आधी घटक, मग त्यांची बेरीज. अमेरिकेत तसं झालं, तेरा राज्यं आधी होती. आपलं उलटं : अनुच्छेद ३ खाली संसदेने कायदा केला, दमण-दीव वेगळे काढले आणि गोवा पंचविसावं राज्य झालं. घटना भारताला 'राज्यांचा संघ' म्हणते, आणि हा संघ राज्यांच्या करारातून आलेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघता येणार नाही, हे आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केलं होतं.

फोंडा
पण 'घटक' शब्दात करार कुठे आला? हुमणातलं (माशांच्या कालवणातलं) खोबरं काय करार करून पडतं? :)

प्रश्नकर्ती, डिचोली
हे उदाहरण वर्गात चालेल! आता केंद्रशासित प्रदेशासाठी घटनेत असलेला 'संघराज्यक्षेत्र'? संघराज्य म्हणजे अख्खा देश, मग त्याचं क्षेत्र म्हणजे दमण कसं?

पणजी
पद चुकीच्या जागी फोडल्यामुळे होतं ते. 'संघ' आणि 'राज्यक्षेत्र' असं वाचा. राज्यक्षेत्र म्हणजे भूभाग, आणि हा संघाच्या थेट ताब्यातला. मुलांना 'केंद्रशासित प्रदेश'च सांगा, बिनचूक कळतं.

घटकराज्याबद्दल एक जोड. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याला राज्य हवं की नको हे विचारलं होतं, असा समज सर्रास आढळतो. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते : महाराष्ट्रात विलीनीकरण (फूल) किंवा केंद्रशासित राहणं (दोन पानं). विलीनीकरण हरलं, आणि तिसरी गोष्ट, म्हणजे घटकराज्य, पुढची वीस वर्षं मागावी लागली. माझ्या मते तो शब्द मागणीतूनच रुजला, म्हणून दिनाच्या नावात टिकला. महाराष्ट्राची मागणी वेगळी होती, तिथे 'संयुक्त' चिकटलं.

आणि लिहिताना जोडून, 'घटकराज्य'. सरकारी फलकांवर दोन्ही दिसतात, पण तोडून लिहिलं की मुलं घटक चाचणीशी गल्लत करतात.