हौशी अग्निबाणकारांनी माणूस अवकाशात पाठवावा का? : कोपनहेगनच्या निमित्ताने

ध्रुवमत्स्य :

कोपनहेगनमध्ये रेफशालेउएन नावाचा भाग आहे. तिथे पूर्वी बुर्मायस्टर अँड वाइन या कंपनीची जहाजबांधणीची गोदी होती. तिथल्या एका शेडमध्ये ‘कोपनहेगन सबऑर्बिटल्स’ हा गट २००८ पासून अग्निबाण बांधत आहे. यात कोणालाही पगार नाही. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी काम चालते आणि खर्च देणग्यांतून भागतो. आपल्यातल्याच एकाला स्वतः बांधलेल्या यानातून १०० किमीच्या वर नेऊन जिवंत परत आणायचे, एवढेच त्यांचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी आखलेले ‘स्पिका’ हे यान सुमारे १३ मीटर उंच आणि ४ टन वजनाचे असून त्याचे इंजिन इथेनॉल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे, १०० किलोन्यूटन जोराचे आहे.

आजवरचा हिशेब असा आहे. जून २०११ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या बॉर्नहोम या डॅनिश बेटाजवळून ‘हीट-१एक्स’ सुटले. ते कलू लागल्याने २१ सेकंदांनी इंजिन बंद करावे लागले आणि ते २.८ किमीपर्यंतच पोचले. २०१३ मध्ये ‘सफायर’ने इंजिनाच्या झोतात बसवलेल्या पात्यांच्या साहाय्याने आपली दिशा स्वतः सांभाळत ८ किमीचा टप्पा ओलांडला. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘हीट-२एक्स’ला जमिनीवरच्या चाचणीतच आग लागली. २०१६ मध्ये ‘नेक्सो-१’ दीड किमीच्या आसपास जाऊन पडले, तर ऑगस्ट २०१८ मध्ये ‘नेक्सो-२’ साडेसहा किमी उंच जाऊन पॅराशूटने सुखरूप उतरले.

माझे मत स्पष्ट आहे. या मंडळींना अडवू नये. यातला धोका ते स्वतः पत्करत आहेत, प्रक्षेपण भरसमुद्रातून होते, आणि प्रत्येक अपयश ते जगासमोर ठेवतात, जे सरकारी संस्थांनाही नेहमी जमत नाही. शिवाय उपकक्षीय उड्डाण म्हणजे पृथ्वीभोवती फिरणे नव्हे. १०० किमी उंची गाठायला सेकंदाला साधारण १.४ किमी वेग लागतो, कक्षेत राहायला ७.८ किमी. ऊर्जेच्या हिशेबात हा फरक तीसपटींचा आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर जळून खाक होण्याचा प्रश्न इथे जवळजवळ उद्भवत नाही.

निवृत्त_निरीक्षक :

लेख माहितीपूर्ण आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. माझी नोकरी बॉयलर आणि दाबाच्या टाक्या तपासण्यात गेली. आपल्याकडे कारखानदार कितीही अनुभवी असला, बॉयलर त्याच्या स्वतःच्या पैशाचा असला आणि शेजारी उभा राहणारा कामगार लेखी संमती देत असला, तरी बाहेरच्या निरीक्षकाच्या दाखल्याशिवाय त्याला बॉयलर चालवता येत नाही. ज्याने वस्तू बांधली त्याला तिच्यातला दोष सर्वांत शेवटी दिसतो, हे या नियमामागचे कारण आहे. तो माणूस अप्रामाणिक असतो असे मुळीच नाही. चार वर्षे ज्या सांध्यावर हात फिरवला, तो सांधा तपासताना डोळा ओळखीच्या खुणांवरून पुढे सरकतो, इतकेच.

स्पिकात द्रवरूप ऑक्सिजन आहे, टाकीतला दाब टिकवण्याची यंत्रणा आहे आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर माणूस बसणार आहे. बर्लिनमध्ये १७ मे १९३० रोजी माक्स वालिये हा संशोधक अशाच द्रवइंधनी इंजिनाच्या चाचणीत स्फोट होऊन गेला, तेव्हा यान आकाशात नव्हतेच. माझा प्रश्न एकच आहे : उड्डाणाच्या दिवशी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार अशा एखाद्या माणसाकडे आहे का, ज्याने यात एकही बोल्ट आवळलेला नाही?

सह्यकडा :

हा न्याय लावला तर गिर्यारोहण बंद करावे लागेल. एव्हरेस्टवर दरवर्षी माणसे मरतात, आणि चढणाऱ्याच्या निर्णयावर बाहेरचा निरीक्षक शिक्का मारत नाही. प्रौढ माणसाने समजून-उमजून पत्करलेल्या धोक्यात सरकारने पडू नये. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने नेमकी हीच भूमिका घेतली आहे. प्रवाशाला धोक्याची पूर्ण कल्पना द्यायची आणि त्याची लेखी संमती घ्यायची. सरकारने काळजी करायची ती मुख्यतः खाली असलेल्या, या उद्योगाशी संबंध नसलेल्या लोकांची. तिथल्या धंदेवाईक कंपन्या याच तरतुदीवर प्रवासी नेतात. मग जे भांडवलदाराला चालते ते वेल्डरला का चालू नये?

निवृत्त_निरीक्षक :

गिर्यारोहक स्वतःच्या हातापायांनी चढतो आणि हवा बिघडली तर मागे फिरतो. स्पिकातला माणूस इंजिन पेटल्यावर मागे फिरू शकत नाही. त्याचा निर्णय पेटण्याआधी संपलेला असतो आणि पुढचे सगळे इतरांनी केलेल्या कामावर अवलंबून असते. त्यामुळे इथे संमती फक्त उडणाऱ्याची नसून पाठवणाऱ्यांच्या जबाबदारीचाही प्रश्न आहे.

संख्यारेषा :

दोन्ही बाजू नीतीवर भांडत आहेत. मला आकड्यांवर बोलायचे आहे.

समजा स्पिका माणसाविना लागोपाठ दहा वेळा उडाले आणि एकदाही बिघडले नाही. एवढी तयारी सध्याच्या पैशात होणे कठीणच आहे, पण समजा. तरीही त्यावरून यान सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. दर चार उड्डाणांत एक फसण्याइतके सदोष यानसुद्धा नशिबाने सलग दहा वेळा नीट उडण्याची शक्यता पाच-सहा टक्के असते. म्हणजे दहा निर्दोष उड्डाणांनंतर आपण फार तर इतके म्हणू शकतो की अपयशाचे प्रमाण बहुधा चारात एकापेक्षा कमी असावे. या गटाच्या हाती मात्र याहून लहान अग्निबाणांची मोजकी उड्डाणे आहेत आणि त्यांपैकी निम्मीसुद्धा ठरल्याप्रमाणे झालेली नाहीत.

दुसरे असे की साडेसहा किमीवरून शंभरावर जाणे म्हणजे उंची पंधरापट, आणि दर किलो वजनामागे लागणारी ऊर्जाही ढोबळमानाने तितकीच पट. खालच्या उंचीवर हवा असते, शेपटाचे पंख काम करतात. पन्नास किमीच्या वर हवा जवळपास नाही आणि इंजिन बंद झाल्यावर झोतातली पातीही निरुपयोगी ठरतात, त्यामुळे माणूस बसतो ती कुपी गरगरू नये म्हणून वायूच्या छोट्या झोतांची वेगळी व्यवस्था लागते. नेक्सो-२च्या यशातून या भागाबद्दल काहीही कळत नाही.

ध्रुवमत्स्य :

संख्यारेषा, आपले गणित बरोबर आहे, पण ते सर्वांनाच लावून पाहा. अवकाशात जाणारे पहिले अमेरिकी ॲलन शेपर्ड ५ मे १९६१ रोजी उडाले, त्याआधी मर्क्युरी ही कुपी आणि तिला नेणारा रेडस्टोन हा अग्निबाण ही जोडी किती वेळा उडाली होती? नोव्हेंबर १९६० मध्ये पहिला प्रयत्न झाला, तेव्हा यान जेमतेम चार इंच वर उचलले गेले, इंजिन बंद पडले, यान पुन्हा तळावर टेकले आणि वरचा सुटकेचा मनोरा मात्र एकटाच आकाशात उडून गेला. डिसेंबरमध्ये यश आले. जानेवारीत ‘हॅम’ या चिंपांझीला नेणारे यान नियोजित १८५ किमीऐवजी २५३ किमीपर्यंत चढले. मार्चमध्ये आणखी एक रिकामे उड्डाण झाले आणि त्यानंतर थेट माणूस. तुमच्या कसोटीवर नासानेही शेपर्डना पाठवायला नको होते. बरे, त्या रेडस्टोनचे इंधनही अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनच होते. कोपनहेगनची मंडळी साठ वर्षांपूर्वी सुटलेले कोडे पुन्हा सोडवत आहेत, नवे भौतिकशास्त्र शोधायला निघालेली नाहीत.

निवृत्त_निरीक्षक :

उदाहरण आपण दिलेत, पण ते माझ्या बाजूचे आहे. मार्चमधले ते रिकामे उड्डाण मूळ आराखड्यात नव्हतेच. हॅमचे यान जादा जोराने गेल्यामुळे रेडस्टोन बनवणाऱ्या फॉन ब्राउन यांच्या चमूने आणखी एका चाचणीचा आग्रह धरला. शेपर्ड तयार होते आणि जायला उत्सुकही होते. ते २४ मार्चला त्याच यानात बसले असते तर अवकाशात जाणारा पहिला माणूस अमेरिकी ठरला असता. चाचणी झाली, सुरळीत पार पडली, आणि १२ एप्रिलला गागारिन जाऊन आले. म्हणजे इतिहासातला पहिला क्रमांक डोळ्यांसमोर दिसत असताना, उडणारा राजी असताना, कोणीतरी ‘अजून एकदा रिकामे उडवू’ म्हणाले आणि ते ऐकले गेले. शिवाय रेडस्टोन हे त्याआधी क्षेपणास्त्र म्हणून अनेकदा उडालेले होते. स्पिकाच्या मागे अशी पूर्वपीठिका नाही.

नासाकडे संस्था होती, म्हणून एकाचा आग्रह दुसऱ्याच्या उत्साहाला अडवू शकला. मित्रमंडळात तसे अडवणे अवघड असते. दहा वर्षे ज्याच्याबरोबर चहा प्यायला, त्याला ‘तुझा वेल्ड मला पटत नाही’ असे प्रक्षेपणाच्या सकाळी सांगायला वेगळेच काळीज लागते.

सह्यकडा :

आणि संस्था असूनही नासाच्या चॅलेंजर यानाची दुर्घटना झालीच की! २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अभियंते ‘थंडीत रबरी कड्या दगा देतील’ असे सांगत होते, आणि वेळापत्रकाच्या व कंत्राटाच्या दबावाखाली त्यांचे म्हणणे बाजूला सारले गेले. दुसऱ्या दिवशी सात जण गेले. कोपनहेगनच्या शेडमध्ये कंत्राट नाही, संसदेला दिलेली तारीख नाही, भागधारक नाहीत. त्यांना एक वर्ष थांबावेसे वाटले तर ते एक वर्ष थांबतात, आणि तसे ते अनेकदा थांबलेही आहेत. हौशी असण्याचा हा फायदा इथे कोणी हिशेबात धरत नाही, याचे मला नवल वाटते.

दर्यावर्दी :

या गटाच्या दोन संस्थापकांपैकी एकाला पुढे खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, हे इथे कोणी का लिहीत नाही? अशा लोकांच्या हाती माणसाचा जीव द्यायचा?

ध्रुवमत्स्य :

कारण त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. तो माणूस २०१४ मध्येच गटातून बाहेर पडला, गुन्हा २०१७ चा आहे, आणि आज काम करणाऱ्यांवर त्याची सावली टाकणे अन्यायाचे आहे. दुसरे संस्थापकही त्याच वर्षी बाहेर पडले. दोघेही गेल्यावर गट टिकला आणि त्याने नेक्सोची दोन्ही याने त्यानंतर उडवली, यातून उलट हेच दिसते की हा एका माणसाच्या हट्टावर चाललेला उद्योग नाही.

कलमदान :

कायद्याची बाजू राहून गेली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. १९६७ च्या अवकाश करारानुसार खासगी व्यक्तींच्या अवकाशातील कामांची जबाबदारी शेवटी त्यांच्या देशावर येते. १९७२ च्या करारानुसार अवकाशवस्तू जमिनीवर किंवा उडत्या विमानावर पडून नुकसान झाले तर प्रक्षेपण करणाऱ्या देशाला दोष सिद्ध न होताही भरपाई द्यावी लागते. वर जाऊन लगेच खाली येणारे उपकक्षीय यान या व्याख्येत बसते का, यावर कायदेपंडितांत एकमत नाही. डेन्मार्कने २०१६ मध्ये स्वतःचा अवकाश कायदा केला आणि १०० किमी ही सीमा धरली. तेव्हा ‘धोका आमचा, तुम्हाला काय त्याचे’ हे विधान फार तर कुपीतल्या माणसापुरते खरे आहे, कारण बाल्टिक हा काही निर्मनुष्य समुद्र नाही. हा गट लष्करी सरावासाठी राखलेल्या सागरी क्षेत्रातून, परवानगी घेऊन आणि जहाजांना आगाऊ सूचना देऊन प्रक्षेपण करतो हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. सरकार यात अजिबात नाही असे चित्र वर उभे राहिले आहे, ते बरोबर नाही.

निवृत्त_निरीक्षक :

सरकार खालच्या लोकांसाठी आहे, हे मान्य. मी विचारत होतो ते कुपीतल्या माणसाविषयी. सह्यकडा, धंदेवाईकांचा दाखला आपण दिलात, तर ३१ ऑक्टोबर २०१४ चा व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीच्या प्रवासी अवकाशयानाचा अपघातही पाहा. सहवैमानिकाने शेपटाची खिटी वेळेआधी काढली, यान हवेत तुटले, त्यात तो गेला. चौकशीत ठपका आला तो असा की एका माणसाची एक चूक यान तोडू शकते, ही शक्यता बांधणाऱ्यांनी विचारातच घेतली नव्हती. कुशल, पगारी, नामांकित लोक होते ते. आतल्या माणसांना हे सुचत नाही, म्हणून बाहेरचा माणूस हवा. मी बंदी मागत नाही. एखाद्या तांत्रिक विद्यापीठातल्या चार जाणकारांना कागद, वेल्डचे क्ष-किरण फोटो आणि चाचण्यांच्या नोंदी देऊन त्यांचा नकार बंधनकारक मानावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सह्यकडा :

बंधनकारक मानले की तो परवानाच झाला, फक्त नाव वेगळे. सल्ला घ्यावा, तो प्रसिद्धही करावा, पण अखेरचा शब्द उडणाऱ्याचा असावा. यावर आपले जुळेल असे दिसत नाही.

संख्यारेषा :

बाहेरचे चार जाणकार आले तरी त्यांच्यापुढे ठेवायला विदा हवी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी उणीव सुटका यंत्रणेची आहे. अग्निबाण फसला तरी माणूस वाचू शकतो, तो कुपी वेळेत बाजूला ओढली गेली तर. या गटाने ऑगस्ट २०१२ मध्ये ‘टायको डीप स्पेस’ या रिकाम्या कुपीवर ती चाचणी घेतली. कुपीला पुरेशी उंची मिळाली नाही आणि पॅराशूट नीट उघडण्याआधीच ती पाण्यावर आदळली. २०११ च्या उड्डाणातही कुपीचे पॅराशूट फाटून निघाले होते आणि आत माणसाऐवजी पुतळा होता, हे बरेच झाले. गगनयानसाठी इस्रोने २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून खास एक छोटा अग्निबाण केवळ या कामासाठी उडवला, ध्वनीच्या वेगापलीकडे गेल्यावर कुपी त्यापासून तोडली आणि ती बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली. त्या उड्डाणाचा दुसरा काही हेतूच नव्हता.

स्पिकाच्या बाबतीत अशी चाचणी करायची तर फसवण्यासाठीच एक आख्खे यान बांधावे लागेल, आणि देणगीवर चालणाऱ्या गटासाठी ती काही वर्षांची कमाई असेल. देणगीदारांना माणूस उडताना पाहायचा आहे, मुद्दाम मोडलेले यान नव्हे. ध्रुवमत्स्य, आपण त्यांना देणगी देत असाल तर ती याच चाचणीसाठी राखून ठेवा असे त्यांना कळवून पाहा. ते काय उत्तर देतात ते इथे जरूर लिहा.

ध्रुवमत्स्य :

कळवतो. माझी रक्कम फार मोठी नाही, पण ही अट घालायला माझी हरकत नाही. परीक्षकांच्या नकाराबद्दल मात्र मी सह्यकडांच्याच बाजूने आहे.