पाचवी ते सातवीची सहल आणि शिबिर: नेमके अनुभव सांगा

दिवाळीनंतर शाळाशाळांत सहलीची जुळवाजुळव सुरू होते. ज्यांनी मुलं नेली आहेत त्यांनी लिहावं: काय न्यायचं, किती, घोळ कुठं होतो. 'मुलांनी धमाल केली' एवढंच नको.

वर्गशिक्षक, जालना
आधी वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. सहल सोमवार-मंगळवारची असेल तर पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा. उलटं लावलं तर दोन्हीकडे कुलूप. १५ वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही, तरी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची, जन्मतारखांसकट यादी दोन प्रतींत ठेवा. एसटीत शैक्षणिक सहलीला ५० टक्के सवलत असते, पण डिसेंबरात गाडीच शिल्लक नसते. आगारात अर्ज लवकर टाका.

बसमधलं सगळं माझ्याकडं असतं, अंबाजोगाई
उलट्या! पहाटे मुलांना दूध पाजून पाठवू नका, हे पालकसभेतच सांगा. मळमळणारी पोरं पुढच्या चार बाकांवर. मागच्या चाकांवरचे बाक हादऱ्यांचे, तिथं धडधाकट मुलं. गाडीत एका डब्यात कोरड्या पिशव्या, ओली फडकी आणि दोन किलो कोरडी राख ठेवा. उलटीवर राख टाकली की ओल शोषली जाते, मग झाडून काढता येतं. नुसतं पाणी ओतलं तर वास गाडीभर फिरतो.
डब्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दही वेगळं देऊ नका, उन्हात आंबतं.

इतिहास शिकवतो, छत्रपती संभाजीनगर
वेरूळला ३४ लेणी आहेत. सगळी दाखवायला गेलात तर मुलं शेवटी फक्त माकडं बघतात. १०, १६ आणि ३२ नंबरची पुरे. जैन लेणी (३० ते ३४) उत्तरेला सव्वा किलोमीटरवर आहेत, चालत नेलंत तर तास गेला. १६ नंबरचं लेणं म्हणजे कैलास. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. मंडपाच्या दक्षिण भिंतीवर रामायणाचा पट आहे, उत्तरेला महाभारत. पोरांना काम द्या: वानर शोधा. दहा मिनिटं कुणी हलत नाही. कैलास वरून खाली कोरलंय हे सांगायला साबणाची वडी आणि खिळा आदल्या दिवशी वर्गातच वापरावा.

अजिंठ्याला गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात, पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं. तिथल्या रांगेसाठी अर्धा तास जादा धरा. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. लेसचे बूट घातलेली चाळीस मुलं म्हणजे प्रत्येक लेण्यापाशी पंधरा मिनिटं. सँडल सांगा.

वरच्यांना जोड, कन्नड
देवगिरी किल्ल्याचं राहिलं. चाँदमिनार, चिनी महाल, मेंढा तोफ हे सगळं खंदकाच्या अलीकडं आहे, दमछाक न होता होतं. अंधारीत (खंदकापलीकडच्या काळोख्या भुयारी वाटेत) मात्र दहाच्या तुकडीनं शिरा: एक शिक्षक पुढं, एक मागं, दोघांकडं टॉर्च. वटवाघळं उडाली की मुलं ओरडतात, ओरडली की पळतात, आणि पायऱ्या ओबडधोबड आहेत. अत्तर लावू नका. मधमाश्यांचा भरवसा नाही.

मोजणी डोकी मोजून करूच नका, हलती मुलं दोनदा मोजली जातात. क्रमांक पुकारून घ्या, आणि शेजारचा जोडीदार दिसत नसेल तर ओरडायचं, एवढा नियम.

स्काऊट शिबिर, औसा
तंबूला काळं रान निवडू नका. वाळलेल्या काळ्या मातीत भेगा पडतात, खुंट्या धरत नाहीत आणि भेगेत विंचू. मुरमाड, किंचित उताराची जागा हवी. सकाळी बूट झटकूनच घालायचे.

५० मुलांच्या खिचडीला तांदूळ साडेतीन किलो, मूगडाळ दीड किलो, पाणी अंदाजे २० लिटर. एकाच मोठ्या पातेल्यात केली की तळाला करपते आणि वर कच्ची राहते, म्हणून दोन पातेली. चुलीचं तोंड वाऱ्याकडं ठेवू नका, जाळ बाजूनं निसटतो नि लाकूड दुप्पट जातं.

वर्गशिक्षक, जालना
राख कुठली, लाकडाची? कोळशाची चालेल का?

बसमधलं सगळं माझ्याकडं असतं, अंबाजोगाई
लाकडाचीच, आणि चाळून. निखारा राहिला असेल तर पिशवी वितळते.