ड्राय रीसलिंगला रॉकेलचा वास: बाटली खराब झाली की मुरली?

अनुजा_कोथरूड

मंडळी, मदत हवी आहे. वाइनमधलं मला बेताचंच कळतं. नाशिकची चेनिन ब्लां आवडते, त्यापुढे मजल गेलेली नाही. धाकटा दीर ॲडलेडहून आला तेव्हा रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला. दोन्ही एकाच वायनरीच्या, क्लेअर व्हॅलीतल्या वॉटरव्हेलच्या, दोन्ही 'ड्राय'. एक २०२३ ची, एक २०१३ ची.

२०२३ ची तो आला त्याच रात्री उघडली. रंग जवळजवळ नाहीच, किंचित हिरवट झाक. वास मात्र सुरेख, किसलेल्या लिंबाच्या सालीचा, आणि मागून कसलं तरी पांढरं फूल. वासावरून वाटलं गोड असणार. घोट घेतला आणि दात आंबले.

२०१३ ची परवा उघडली. रंग चक्क सोनेरी. झाकण फिरवलं, ओतली, ग्लास नाकाशी नेला तर रॉकेल! माझ्या मनाचे खेळ नाहीत, सासूबाई शेजारी मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनीही विचारलं, "स्टोव्ह काढलास की काय?" दीर म्हणाला, "वहिनी, ही अशीच असते, याचेच तर पैसे," आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसला.

अर्धी बाटली फ्रिजमध्ये आहे. ओतून देऊ का? ड्राय म्हणजे नक्की काय, आणि एवढी आंबट का? दिवाळीला येताना आणखी आणू का विचारतोय. ठेवून ठेवून शेवटी रॉकेलच होणार असेल तर ठेवायची कशाला?

चकण्याचा_मानकरी

रेशनवरचं रॉकेल गेल्यापासून लोक ऑस्ट्रेलियाहून मागवायला लागले वाटतं 😀
जाणकार येईपर्यंत खुर्ची टाकून बसतो.

टॉरेन्सकाठी

अनुजाताई, ओतू नका. दिरांनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त अर्धवट सांगून पळाले.

मी ॲडलेडलाच असतो. नोकरी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये, आणि क्लेअर इथून गाडीने दोन तासांच्या आत. एखाद्या सालाची अख्खी पेटी घ्यायची, घराखालच्या थंड खोलीत ठेवायची, दर हिवाळ्यात एखादी उघडून वहीत टिपून ठेवायचं, असा नाद आहे. बायको तिला लोणच्याची वही म्हणते.

आधी आंबटपणा. ड्राय म्हणजे द्राक्षातली साखर यीस्टने जवळपास सगळी खाल्लेली, लिटरमागे जेमतेम काही ग्रॅम उरलेली. आम्ल मात्र लिटरला सात ग्रॅमच्या आसपास, पीएच तीनच्या आगेमागे. शार्डनेसारख्या वाइनमध्ये पुष्कळदा बॅक्टेरियांकडून कडक मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेतात, वर नव्या ओकच्या पिंपाचा व्हॅनिलाही चढवतात. रीसलिंगच्या वाट्याला सहसा यातलं काही येत नाही. स्टीलच्या टाकीत थंडपणे आंबवायची, गाळायची, भरायची. म्हणून दात आंबले. आणि ती गोड वाटली ती नाकाला, जिभेला नव्हे. नाक चिमटीत धरून घोट घ्या, गोडवा गायब होईल.

आता सासूबाईंचा स्टोव्ह. त्या वासाच्या रेणूचं नाव १,१,६-ट्रायमिथाइल-१,२-डायहायड्रोनॅप्थलीन, आम्ही सरळ टीडीएन म्हणतो. वाइनमध्ये रॉकेल पडलेलं नसतं. द्राक्षात कॅरोटिनॉइड असतात, गाजराला रंग देणाऱ्या कुळातले. घड पिकताना ते तुटतात आणि त्यांचे तुकडे साखरेला चिकटून बसतात. त्या अवस्थेत त्यांना वास नसतो. पुढे बाटलीतल्या आम्लात वर्षानुवर्षं ही जोडी सुटत जाते आणि टीडीएन मोकळा होतो. घडाला ऊन जितकं जास्त लागलं असेल तितका हा कच्चा माल जास्त. बाटली उबेत ठेवली तर सुटण्याचा वेगही वाढतो.

झाकणाचाही हात आहे. खरं बूच टीडीएन बऱ्यापैकी शोषून घेतं, फिरकीचं झाकण घेत नाही. १९७० च्या दशकात यालम्बा या वायनरीने ईडन व्हॅलीच्या प्यूझी व्हेल रीसलिंगला फिरकीचं झाकण लावून पाहिलं होतं, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मग २००० सालच्या पिकाला क्लेअरच्या बऱ्याच उत्पादकांनी एकत्र येऊन तेच झाकण लावलं आणि यावेळी ते टिकलं. बुरशी लागलेल्या बुचाचा दमट पुठ्ठ्यासारखा वास गेला, तो मोठाच फायदा. पण रॉकेल सगळं आतच राहिलं.

वय वाढतं तसं काय होतं, ते रॉकेलपुरतं समजू नका. अगदी ताज्या बाटलीत पेअरच्या वासाचे एस्टर (फळांसारखा वास देणारी संयुगं) असतात, ते वर्ष-दीड वर्षात मावळतात. तुम्हाला आलेलं पांढरं फूल म्हणजे लिनालूलसारखी टर्पिनं, फुलांसारखा वास देणारी संयुगं. तीही आम्लात बदलत बदलत ओसरतात. मग साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या मध्ये कधीतरी भाकड काळ येतो. फूल गेलेलं, पुढचं अजून आलेलं नाही, जिभेवर नुसतं आम्ल आणि दगड. माझ्या वहीत त्या वर्षांच्या पानांवर बहुतेक वेळा 'बंद' एवढा एकच शब्द आहे. लोक नेमकी तेव्हाच उघडतात आणि रीसलिंगला नावं ठेवतात.

त्यानंतर भाजलेला पाव येतो. क्लेअरच्या रीसलिंगची खरी खूण मला रॉकेलपेक्षा हीच वाटते. लोणी लावायच्या आधीचा, कडा करपू लागलेला टोस्ट. सोबत लिंबाच्या सालीचा मुरंबा, थोडं मेण, थोडा मध. आणि लॅबमध्ये मोजलं तर साखर वाढलेली नसते, आम्लही जवळपास होतं तेवढंच असतं. तरी जिभेला ते गोलसर लागतं, कारण मधली पोकळी भरून आलेली असते. हे झालं चांगल्या बाटलीचं. मध भरायला मुळात द्राक्षात काही नसेल तर दहा वर्षांनी आम्ल आणि रॉकेल एवढंच हाती लागतं. म्हणून 'रॉकेल आलं म्हणजे भारी वाइन' हे जे इथले हौशी लोक छाती काढून सांगतात ते मला पटत नाही. टोस्ट आणि मुरंब्याच्या मागे बसून राहिलं तर रॉकेल छान. पुढे येऊन बसलं तर तो दोषच.

आज एवढं करा. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून वीस मिनिटं ठेवा, मोठ्या ग्लासात अर्ध्याहून कमी ओता, आणि अर्धा तास तिच्याकडे बघू नका. मग सांगा.

माइन्झवाला

टॉरेन्सकाठी, सुंदर प्रतिसाद, वाचनखूण साठवली. एका गोष्टीवर मात्र भांडतो. रॉकेलचं एवढं कौतुक ऑस्ट्रेलियातच. इथे ऱ्हाइनकाठी दोन-तीन वर्षांच्या रीसलिंगला तो वास आला तर बागवाला ओशाळतो. उन्हाळे तापायला लागल्यापासून घडांवर सावली कशी राहील याची लोकांना चिंता आहे. दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीत थोडा चालतो, तोही इथे बोलताना लोक शक्यतो 'पेट्रोल' न म्हणता 'फिर्ने' म्हणतात, म्हणजे वयाचा वास.

अनुजाताई, दिरांऐवजी कुणी जर्मनीहून आणणार असेल तर लेबलवर 'ट्रोकन' (म्हणजे ड्राय) शोधायला सांगा. ट्रोकनचा नियम मजेशीर आहे. साखर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, पण आम्ल भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही चालते. अट एवढीच की साखर आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त नसावी. म्हणजे ७ ग्रॅम आम्ल असेल तर ९ ग्रॅम साखर असूनही बाटली कायद्याने ड्राय, आणि जिभेलाही ड्रायच लागते. 'हाल्बट्रोकन', म्हणजे अर्धी ड्राय, १८ पर्यंत. 'फाइनहेर्ब' लिहिलं असेल तर कायद्यात त्याची व्याख्या नाही, ज्याची त्याची मर्जी. 'काबिनेट' किंवा 'श्पेटलेझ' बघून फसू नका, तो द्राक्ष किती पिकलं याचा हिशेब आहे, वाइन किती गोड याचा नाही. ट्रोकन लिहिलेलं नसेल तर अल्कोहोल बघा. ८-९ टक्के म्हणजे साखर शिल्लक आहे, १२ च्या पुढे बहुधा ड्राय.

ठेवायचीच असेल तर जीजी, म्हणजे 'ग्रोसेस गेवेक्स' घ्यावी. निवडक बागेतली, ड्राय. नवी असताना पिणं म्हणजे पैसे वाया घालवणं. साधी गुट्सवाइन (वायनरीची सर्वसाधारण वाइन) मात्र आल्या वर्षीच संपवावी.

जाता जाता: रीसलिंगची सगळ्यांत जुनी लेखी नोंद म्हणून १४३५ सालची सांगतात ती आमच्या शेजारच्या ऱ्यूसेल्सहाइमची. काट्सेनएल्नबोगनच्या सरदाराच्या हिशेबात रीसलिंगच्या रोपांसाठी २२ शिलिंग खर्ची पडलेत. आज त्या गावाला लोक ओळखतात ते ओपेल गाड्यांच्या कारखान्यासाठी.

अनुजा_कोथरूड

धन्यवाद मंडळी! सांगितल्याप्रमाणे केलं. बाटली बाहेर काढली, ओतली, कुकर लावून आले. रॉकेल आहेच, पण तेवढं अंगावर येत नाही. टोस्ट चक्क आला! मुरंबाही, आधी गोड वाटतो आणि गिळल्यावर सालीचा कडसरपणा राहतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या यातलं काहीच नव्हतं. नवऱ्याला अजून पटत नाहीये, तो म्हणतो त्याला २०२३ चीच आवडली.

आता खरा प्रश्न. दिराने आणल्या तर पुण्यात ठेवायच्या कुठे? एप्रिलमध्ये आमच्या घरात पंखाही गरम हवा फेकतो. आणि याबरोबर खायचं काय? परवा मिसळीबरोबर घेतली तर तोंडाला आगच लागली.

टॉरेन्सकाठी

नवरोबांचं काही चुकत नाही. दोन वर्षांच्या आतली ड्राय रीसलिंग हीच खूप जणांना आवडते, मीही उन्हाळ्यात तीच पितो. जुनी तेवढी चांगली असा काही नियम नाही.

पुण्यात कपाटात ठेवू नका, अगदी खालच्या खणातही नाही. बारा-तेरा अंशांवर जे दहा वर्षांत व्हायचं ते तीस अंशांवर फार लवकर होतं आणि तसं होतही नाही. रॉकेल धावत पुढे येतं, मध-टोस्ट मागे राहतात, रंग तपकिरीकडे झुकतो. वाइनचं छोटं कपाट घ्यायची तयारी नसेल तर दिरांना सांगा, ठेवायच्या त्या त्यांनीच ॲडलेडला ठेवाव्यात आणि मुरलेल्या घेऊन याव्यात. इथे काही वायनरी स्वतःच मुरवून विकतात. वर उल्लेख आलेल्या प्यूझी व्हेलची 'द कॉन्टूर्स' पाच वर्षं तळघरात ठेवूनच बाजारात येते. २००२ किंवा २०१२ सालची बाटली कुणाकडे चांगली राखलेली निघाली तर सोडू नका म्हणावं, दोन्ही थंड, उत्तम सालं.

महिन्या-दोन महिन्यांत प्यायची असेल तर साधा फ्रिज चालतो. फिरकीचं झाकण आहे, उभी ठेवली तरी बिघडत नाही. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, थंडीने खाली बसतात.

मिसळ नको. साखर नाही, आम्ल भरपूर, वर अल्कोहोल, तिखट आणखी भडकणारच. तिखटाला माइन्झवाल्यांची किंचित गोडसर फाइनहेर्ब बरी. ताज्या ड्रायबरोबर हळद-मीठ-लिंबू लावून तव्यावर परतलेलं पापलेट, नाहीतर कोथिंबीर वडी, मिरची हात राखून. २०१३ सारख्या मुरलेल्या बाटलीबरोबर भाजलेली कोंबडी किंवा लोण्यात खरपूस केलेले मशरूम. सोलकढीबरोबर मात्र दोन आंबट एकमेकांच्या अंगावर धावतात.

चकण्याचा_मानकरी

कोथिंबीर वडीला अनुमोदन. बाकी सगळं डोक्यावरून गेलं, पण वाचायला मजा आली.

दिंडोरीचा_बागवाला

धागा आवडला. माझी सहा एकर वाइनची द्राक्षं आहेत, बहुतेक चेनिन आणि सॉव्हिन्यॉं. रीसलिंगबद्दल अधूनमधून कानावर येतं, पण मला नेहमी शंका वाटते. आपण एप्रिलला खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरला फळछाटणी, माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. रात्री गार असतात हे खरं, पण काढणीच्या आधी दिवसा ऊन चांगलंच तापतं. आणि भुरी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येऊ नये, वारा खेळावा म्हणून घडाजवळची पानं तर आम्ही काढतोच. टॉरेन्सकाठी म्हणतात तसं ऊन लागलं की टीडीएन, मग आमच्या रीसलिंगला पहिल्याच वर्षी रॉकेल येणार की! क्लेअरमध्येही ऊन काही कमी नाही. तिथले लोक पानांचं काय करतात?

टॉरेन्सकाठी

नेमका प्रश्न. क्लेअरचे मळे चारशे-पाचशे मीटर उंचीवर आहेत, रात्री गारठा पडतो, तेवढ्यावर आम्ल टिकतं. ऊन मात्र कडक. म्हणून बरेच जण पानं काढली तरी फक्त सकाळचं ऊन येतं त्या बाजूची काढतात. दुपारच्या बाजूची भिंत तशीच ठेवतात, घड कवडशात राहिला पाहिजे, उघडा पडता कामा नये. उघड्या घडात टीडीएनचा कच्चा माल तर वाढतोच, साल जाड होऊन वाइनला कडवटपणाही येतो. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर हे सोपं जातं. तुमच्या ओळी कशा आहेत?

दिंडोरीचा_बागवाला

उत्तर-दक्षिणच. चेनिनच्या दोन ओळींत यंदा पश्चिमेची पानं ठेवून बघतो, भुरीची फवारणी तेवढी जास्त सांभाळावी लागेल.