मदत हवी आहे : हॅनलन बंधूंचं रंगमंचावरचं तंत्र

नमस्कार मंडळी. नाट्यशिबिरातल्या मुलांशी मूक विनोदाबद्दल बोलायचंय. सुरुवात नेहमी चॅप्लिनपासून होते. मला त्याच्या आधीची पिढी दाखवायची आहे, विशेषतः इंग्लंडचे हॅनलन बंधू. मूळचे हे कसरतपटू. १८६१ मध्ये विल्यम हॅनलनने न्यूयॉर्कला झुल्यांवरच्या झेपा दाखवल्या. नंतर मंडळी मूकनाट्याकडे वळली आणि १८७९ मध्ये पॅरिसला 'स्वित्झर्लंडचा प्रवास' रंगला. त्यात गाडी उलटते, आगगाडीचा डबा फुटतो आणि एक माणूस छत फोडून थेट जेवणाच्या टेबलावर येऊन पडतो! फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलानेही त्यांच्यावर लिहिलंय. पडण्याची कला अंगात मुरल्याशिवाय असा विनोद जमत नाही, असं मला मनापासून वाटतं. चॅप्लिनला १९०८ मध्ये कंपनीत घेणारा फ्रेड कार्नोही आधी कसरतपटूच होता.

आता विचारायचं ते हे : छतातून पडण्याचा तो प्रसंग रंगमंचावर कसा साधायचे? झडपा, गाद्या, खालची माणसं, कुणाला आकृत्या किंवा जुनी चित्रं माहीत आहेत का? फ्रेंच वाचणारं कुणी असेल तर त्यांच्यावरच्या फ्रेंच लिखाणातली दोन-चार पानं समजावून द्याल का? सर्कशीत किंवा नेपथ्यात काम केलेल्यांनी तर जरूर लिहा. शिबिर पुढच्या महिन्यात आहे.